तेरा पेरांच्या मिशा

आमच्या घरातून मोडकी वस्तू बाहेर जात नसे. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मोटारी वाइंड करायचे. जळालेल्या मोटारीची काळी पडलेली तार उकलायची, नवी तार वेढे मोजून भरायची, वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात फिरवायचा, हे आठवड्याचे सहा दिवस. सातव्या दिवशी तेच काम ते घरी करत, फक्त मोटारीच्या जागी छत्री, चष्मा, कंदील, पोळपाटाचा पाय, शेजारणीचं शिवणयंत्र असं जे हाताला लागेल ते. रविवारी सकाळी आमच्या दारातून कानसीचा आवाज आला नाही तर चाळीतली माणसं विचारायला येत, मेस्त्रींना बरं नाही का. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं आणि ते मी भाकरीबरोबर गिळत मोठा झालो: यंत्र उघडून परत जोडल्यावर हातात एक स्क्रू जरी उरला, तर जोडणारा गाढव. या वाक्यामुळे आमच्या अंगणातलं झाड गेलं असं कोणी म्हटलं तर ते अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा भाग मी.

चाळ चांगुणाबायची. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सहा खोल्यांची बैठी चाळ, समोर अंगण, अंगणात आंब्याचं एकच झाड आणि झाडाखाली सगळ्यांचं मिळून एक न्हाणीघर. चांगुणाबाय कोळीण. नवरा खाडीत जाळी टाकायचा. तो गेल्यावर होडी विकून तिने या खोल्या बांधल्या आणि भाडेकरूही मासळीसारखेच निवडून घेतले. आम्हाला घेतलं ते बाबांच्या हातातली पकड बघून, असं आई म्हणायची. चांगुणाबायच्या बोलण्यात 'ड'चा 'र' व्हायचा, झाडाचं झार, किड्याचा किरा, आणि माझ्या नावातला 'व' तर तिने पहिल्या दिवशीच काढून टाकलेला. मी इजू. झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं, साधं रायवळ. फळ लहान, पिकल्यावर देठाकडे शेंदरी व्हायचं म्हणतात. म्हणतात अशासाठी की पिकेपर्यंत ते कोणी ठेवायचंच नाही. सुक्या जवळ्यात त्याच्या कैरीच्या फोडी टाकून चांगुणाबाय जे काही शिजवायची, त्याच्या वासाने आमची साताऱ्याकडची, सोमवार-गुरुवार-शनिवार कडक पाळणारी आई हळूहळू गुरुवार विसरायला लागली होती. शनिवारही डळमळीत होता.

चांगुणाबायचा मुलगा बबन एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला अंगण दिसलं की दोन खोल्या दिसायच्या. मधे झाड होतं. आईचं म्हणणं, झार उभं हाय तवर अंगणात वीट लागाची नाय. मायलेकाचं हे भांडण इतकं जुनं होतं की आम्हाला त्याची वेळसुद्धा पाठ होती, संध्याकाळी नळ गेल्यानंतर. पण त्या उन्हाळ्यात झाडानेच बबनची बाजू घेतली. खोडाला बोटभर भोकं दिसायला लागली, त्यातून ओला भुसा पडायचा, खाली डिंकाच्या काळ्या रेघा, आणि न्हाणीघरावरची मोठी फांदी पालवी न फुटताच वाळली. बबन म्हणाला, झाड आतून गेलंय, उद्या न्हाणीघरात कोणी अंघोळ करत असताना पडलं म्हणजे पोलीस मला नेतील. शेवटी चांगुणाबायने गणपतीपर्यंत मुदत मागितली. तोवर झाडाला काय झालंय ते कळलं आणि ते जगणारं असलं तर राहील, नाहीतर कुऱ्हाड.

त्याच दिवसांत तो किडा आला. सकाळी मी तोंड धुवायला गेलो तर न्हाणीघराच्या भिंतीवर, रात्रभर जळत राहिलेल्या बल्बखाली, दोन इंच लांबीचा एक राखाडी ऐवज चिकटून बसलेला. पाठीवर पिवळट केशरी ठिपके, मानेवर दोन लालसर चंद्रकोरी, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, आणि अंगाएवढ्या लांब मिशा, उसासारख्या पेरापेरांच्या. उचलला तर मान हलवून किर्र किर्र करायला लागला, गंजलेली बिजागरी बोलावी तसा. तेवढ्यात दुसरा एक पायरीवर दिसला, मिशा याच्याही दीडपट लांब. मी हात पुढे करेपर्यंत बबनने त्याच्यावर चप्पल ठेवली. मी एक अख्खा किडा आणि एका किड्याची चटणी, दोन्ही गोळा करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात डांबरगोळ्यांबरोबर टाकले. चांगुणाबाय डब्यात वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्योच तर नाय खात माजं झार? इजू, तू सायन्सला हायस. मना सांग. ह्यो खातो का नाय, तेवरंच सांग."

प्रश्न एवढाच होता. खातो का नाही. ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन एक वर्ष काढलेल्या, बेडूक फाडताना दोनदा बोट फाडलेल्या मला, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. मी असा काही चेहरा केला की बघणाऱ्याला वाटावं, याच्या अंगणात रोज असले प्रश्न येऊन पडतात. आणि दुसऱ्याच दिवशी, किड्याकडे धड न बघता, मावसबहिणीच्या लग्नाला पेणला आठ दिवस जेवायला निघून गेलो.

या आठ दिवसांत घरी जे झालं ते मला पुढच्या माघात कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, माझ्यासारखं आठ महिने डोकं आपटून घ्यायची दुसऱ्या कोणाला गरज नाही. पापडांचा डबा काढताना आईच्या हातून माझा डबा खाली पडला. वाळलेल्या किड्याच्या मिशांचे तुकडे झाले. आता, मी तेव्हा फार आरडाओरडा करायचो. वहीचं पान दुमडलं तरी घर डोक्यावर घ्यायचो. त्यामुळे आई घाबरली आणि तिने तो डबा मुकाट्याने बाबांसमोर ठेवला. बाबांनी रविवारची सकाळ त्यात घातली. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला, लाखेचं बोटभर पाणी घेतलं आणि पेराला पेर लावत दोन्ही मिशा उभ्या केल्या. जोडून झाल्यावर चटणीतली चार पेरं हातात उरली. ती दुसऱ्या किड्याची असतील हे त्यांच्या मनात आलं नाही. आलं ते एवढंच, की आपण गाढव ठरतोय. मग त्यांनी समतोल राखून दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे बसवली. वरून किड्याच्या पाठीवरही एक हात फिरवला, चकाकी यावी म्हणून. चटणीचा राहिलेला भाग आईने फेकून दिला. आणि विजूला काही बोलायचं नाही असं ठरलं.

परत आल्यावर मला किडा जास्त रुबाबदार दिसला. डांबरगोळ्यांमुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं.

कॉलेज सुरू झाल्यावर मी डबा घेऊन मराठे सरांकडे गेलो. मराठे सर आम्हाला कीटक शिकवायचे. स्वतः शिडशिडीत आणि बोलताना हात चोळायची सवय, त्यामुळे विषय आणि शिक्षक यांत फार अंतर नव्हतं. त्यांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि मला 'की' दाखवली. की म्हणजे प्रश्नांची साखळी. प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं, एक उत्तर तुम्हाला या पानावर पाठवणार, दुसरं त्या पानावर, असं करत शेवटी किड्याचं नाव. लांब मिशांच्या भुंग्यांच्या कीमधला पहिलाच प्रश्न होता: मिशांची पेरं अकरा, की अकराहून जास्त?

मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. तेरा. दुसरी मिशी. तेरा. सरांनी मला बाजूला सारून स्वतः मोजली. तेरा. त्यांनी हात चोळले.

"सर, पण बाकीचं अंग तर अकरावाल्यांसारखं दिसतंय."

"दिसतंय म्हणजे काय? तू दिसण्यावर जाणार की मोजण्यावर? साळवी, माणसं खोटं बोलतात. किडा बोलत नाही."

आणि त्यांनी मला अकराहून जास्तच्या पानावर ढकललं. त्या पानावर जो गट होता, त्याच्या वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं की यांच्या अळ्या कुजक्या, मेलेल्या लाकडात वाढतात. जिवंत झाडाचं नाव नाही. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि लोकलमध्ये डोंबिवलीपर्यंत तीनदा वाचलं. चांगुणाबाय दारात बसून कोळंबी सोलत होती. मी उभ्यानेच निकाल सांगितला. हा खात नाही. हा मेलेल्या लाकडाचा किडा. तुमची वाळकी फांदी साफ करायला आलाय, म्हणजे एका अर्थी झाडूवाला. झाडाला पाणी कमी पडत असेल, भरपूर घाला. मग ती म्हणाली की होडीच्या लाकडाला किडा लागला की तिचा नवरा माशाचं तेल उकळून भोकात ओतायचा आणि वरून भोक बुजवायचा, तसं एकदा करून बघावं असं तिच्या मनात होतं. मी हसलो. ते हसू मला आजही आठवतं, दाढी करताना आरशात कधीकधी तेच दिसतं. मी तिला सांगितलं की होडी मेलेली असते, झाड श्वास घेतं. तेलाने झाड गुदमरेल. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेही नाही. पण ज्याच्या वहीत इंग्रजी वाक्य असतं, त्याच्या तोंडातून मराठीही ठाम निघते. चांगुणाबायने तेलाचा विचार सोडला. बबननेही, कुरकुरत का होईना, कुऱ्हाडीचा सोडला. गणपती आले, गेले. झाड उभं राहिलं आणि त्याबद्दल मला प्रसादाचे दोन मोदक जास्त मिळाले.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण मला नाव हवं होतं. आणि नाव मिळेना. तेरा पेरांच्या पानावरून मी दुसऱ्या प्रश्नाला जायचो, तिसऱ्याला, सगळं कसंबसं रेटत सातव्या प्रश्नाला पोचायचो आणि तिथे धडकायचो. सातवा प्रश्न म्हणायचा, मानेच्या कडेला दात्यांची रांग आहे की कड साधी आहे. माझ्या किड्याला रांगही नव्हती आणि कड साधीही नव्हती; एकेक ढळढळीत काटा होता. काट्याबद्दल पुस्तक गप्प. परत पहिल्यापासून. परत मोजणी. तेरा. श्रावणात तेरा, नवरात्रात तेरा, दिवाळीचा फराळ खाता खाता तेरा. लाडवाचा कण पडून एका पेरावर मुंग्या आल्या, त्या हाकलून पुन्हा तेरा. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापायची आणि मी बाहेर मोठमोठ्याने पेरं मोजायचो. आता विचार केला तर वाटतं, तिच्या भाकरीचा ताल दर वेळी बाराच्या आसपास चुकायचा. पण ती बोलली नाही. बोलली असती तर मी ओरडलो असतो, हे तिला माहीत होतं.

मधे मी ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयातही जाऊन आलो. तिथे पिकांवरच्या किडी ओळखून देतात असं कळलं होतं. खिडकीतल्या गृहस्थांनी मला एक छापील अर्ज दिला. त्यात पिकाचं नाव, गावाचं नाव आणि किडीचं नाव असे रकाने होते. मी म्हटलं, किडीचं नाव माहीत नाही म्हणूनच आलेलो आहे. ते म्हणाले, रकाना रिकामा असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. मी म्हटलं, मग काय लिहू? ते म्हणाले, ते तुम्ही ठरवा, आम्ही तपासून सांगू बरोबर की चूक. मी 'झुरळ' असं लिहून आलो. त्याचं उत्तर अजून यायचंय.

मार्गशीर्षाच्या सुमारास मराठे सरांनी हात चोळत असं सुचवलं की पुस्तकात नसलेला किडा म्हणजे कदाचित कोणीच न पाहिलेला किडा. झालं. त्या दिवसापासून मी अभ्यास सोडून नाव ठरवायला लागलो. नव्या किड्याला शोधणाऱ्याचं नाव देतात असं ऐकलेलं, पण स्वतःचंच द्यायचं नसतं असंही कोणीतरी सांगितलं, म्हणून मी उदारपणे गावाचं द्यायचं ठरवलं. डोंबिवलिएन्सिस. वहीच्या मागच्या पानांवर मी ते नाव तिरक्या अक्षरात इतक्या वेळा लिहिलं की त्या सहामाहीत वनस्पतिशास्त्रात नापास झालो. हल्ली माझी नात फोन किड्यासमोर धरते आणि फोन नाव सांगतो. परवा कल्याणच्या आमच्या सहाव्या मजल्यावर एक ढालकिडा आला, तर तिने दोन सेकंदांत त्याचं नाव, गाव, आहार सगळं वाचून दाखवलं. मी तिला म्हटलं, फोनला म्हणावं आधी मिशा मोज. तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं बघणारं कोणी मला तेव्हा भेटायला हवं होतं.

माघात सरांनीच मला ठाण्यातल्या एका निवृत्त कीटकतज्ज्ञांचा पत्ता दिला. दातार त्यांचं नाव. तीन वेळा गेलो तेव्हा भेटले. पहिल्या वेळी ते झोपलेले, दुसऱ्या वेळी पुण्याला गेलेले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं, डबा उघडला, किडा सुईवर धरून उजेडात फिरवला आणि नाक जवळ नेऊन हुंगला. मग स्पिरिटमध्ये एक बारीक कुंचला बुडवून तो मिशीवरून हलकेच फिरवला. मी बघत असताना माझा शोध बशीत टपटप गळून पडला. एक, दोन, तीन, सगळी पेरं सुटी. दातारांनी चिमट्याने ती लांबी-जाडीप्रमाणे लावली. अकरा एका ओळीत, अकरा दुसऱ्या, आणि चार बाजूला.

"कोणी जोडलंय हे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं. "हात फार सुंदर आहे. ही चार पेरं दुसऱ्या किड्याची आहेत, नराची. तुझी ही मादी. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. नवीन बिवीन काही नाही बाळ, कोकणात कोणालाही विचार, आंब्याचं भिरूड."

मला लाखेचा वास तेव्हा आला. आठ महिने तो डबा उघडत होतो, आणि आमच्या घराचाच तो वास असल्यामुळे मला आलाच नव्हता. मी विचारलं, जिवंत झाड खातो का. दातार म्हणाले, जिवंतच खातो, अळी सालीखाली आडवी पोखरत जाते, खोडाला वेढा पूर्ण झाला की झाड संपलं. मग त्यांनी चष्मा वर केला आणि झाड कुठे आहे, अजून वेळ आहे का, भोकात तार घालून अळ्या ओढून काढा, रॉकेलचा बोळा घाला, वरून चिखलाने लिंपा, असं भराभर सांगितलं. हे उन्हाळ्यात केलं असतं तर सोपं गेलं असतं, असंही म्हणाले. उकळलेलं तेल चाललं असतं का, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. भोक बुजवण्यानेच बऱ्याचदा काम होतं, तेलाचं माहीत नाही. मी नंतरही पुष्कळांना विचारलं. कोणी हो म्हणतं, कोणी नाही. मला याचं उत्तर शेवटपर्यंत मिळणार नाही, आणि ते मला अजून सलतं.

मी धापा टाकत घरी आलो ते सांगायलाच. खरंच सांगायला. पण अंगणात पाऊल टाकलं तर झाड मोहोराने पिवळं झालेलं. पान दिसत नव्हतं. इतका मोहोर त्या झाडाला कोणी कधी पाहिला नव्हता. मरणारं झाड कधीकधी असं फुलून घेतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्या क्षणी मी विसरलो असतो, कारण चांगुणाबाय गल्लीतल्या चार बायकांना उभं करून सांगत होती की इजूने झार वाचवलं, ह्यो आरवा आला म्हनून, नायतर आमच्या बबनाने कवाच घाव घातला असता. बबनही खाली बघून हसत होता. त्या संध्याकाळी तिने आमच्याकडे जवळ्याचं वाडगं पाठवलं. मी तोंड उघडलं ते जेवायला. दुसऱ्या दिवशी सुके बोंबील आले. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला पटवलं की एवढा मोहोर म्हणजे झाड आपोआप बरं झालंय, दातार काय झाड बघायला आले होते? असे आठ दिवस गेले. रोज सकाळी न्हाणीघरात जाताना खोडाशी पडलेला ताजा भुसा मी पायाने मातीत सारायचो.

बाबांवर मी त्या आठ दिवसांत किती चिडलो होतो हे सांगून भागणार नाही. ते समोर बसून कानस चालवायचे आणि मला वाटायचं, आत्ता सांगावं, यांच्या हाताने काय झालंय ते. एका रात्री आईला सांगितलं. तिने मग डबा पडल्याची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. तू लग्नाहून येऊन रडू नयेस म्हणून त्यांनी ते केलं." यावर ओरडण्यासारखं काही उरलं नाही. नवव्या दिवशी मी चांगुणाबायसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, बाय, तो झाड खातो. माझं चुकलं. कसं चुकलं ते सांगितलं नाही, आठ दिवसांपूर्वी कळलं तेवढं सांगितलं. ती खाटेवर सुकी मासळी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. "मंग आता?" एवढंच म्हणाली.

रविवार होता. मी तारेचा उपाय सांगितल्यावर बाबा घरातून मोटारीची जाड तार घेऊन आले, टोकाला आकडे वाकवून तीन-चार हत्यारं केली आणि भोकांमागे लागले. बबन शिडीवर, मी चिखल कालवायला. पांढऱ्या, करंगळीएवढ्या अळ्या आकड्याला लागून बाहेर यायला लागल्या. खोडाचा एक भाग ठोकला की पोकळ वाजायचा. वाळकी फांदी बबनने करवतीने उतरवली, बाबांनी ती अंगणात घेऊन पटाशीने उभी चिरली, आणि आतल्या एका खोलीत, आमच्या खोलीपेक्षा नीटनेटकी होती ती, एक पूर्ण वाढलेला किडा मिशा मागे वळवून उन्हाळ्याची वाट बघत बसलेला निघाला. बाबांनी तो तळहातावर घेतला. किर्र किर्र करायला लागला. ते भिंगाशिवायच, तारेचे वेढे मोजतात तसं ओठ हलवत मोजू लागले. मी चिखलातून हात काढून उभा राहिलो, पण मधे पडायला सुचलं नाही.

"विजू, अकराच आहेत रे."

त्यांनी दुसरी मिशी मोजली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"मी तेरा केलेले," ते म्हणाले. आणि माझ्याकडे नाही, सरळ चांगुणाबायकडे वळले. "बाय, याचा किडा पडून मोडला होता. मी जोडला. दोन-दोन पेरं जास्त लागली माझ्या हातून. पोराने तीच मोजली. चूक माझी आहे."

चांगुणाबायला पेरांचं काय कळलं मला ठाऊक नाही. तिने किडा बघितला, चिरलेली फांदी बघितली, मोहोराकडे बघितलं. "मेस्त्री, तुमी जोरलंत," ती म्हणाली. "तोरलं नाय. पन ह्यो?" तिने मान माझ्याकडे केली. "ह्याला ठावं व्हतं, ना ह्यो आठ दीस माजा जवला खात व्हता."

झाड वाचलं नाही. फाल्गुनात मोहोर गळाला तरी थोड्या कैऱ्या धरल्या, चैत्रात पानं कडेने करपत गेली. बबनने स्वतःहून आणखी एक पंधरवडा वाट बघितली, मग कुऱ्हाड आणली. घाव घालायच्या आधी चांगुणाबायने होत्या नव्हत्या तेवढ्या कैऱ्या उतरवून घेतल्या, कोय न धरलेल्या, सुपारीएवढ्यासुद्धा, आणि सगळ्यांचं लोणचं घातलं. सहाही खोल्यांत एकेक बरणी पाठवली. आमची सगळ्यांत मोठी होती. आई जेवताना वाढायला आली की बाबा पानावर हात आडवा धरायचे, रोज, आणि ती चमचा माझ्या पानाकडे वळवायची. ती सबंध बरणी वर्षभरात मी एकट्याने संपवली. लोणचं, खोटं कशाला सांगू, फार सुरेख मुरलं होतं.